तीन पात्यांची धार

मुलीने ओट्यावर पत्र्याची चपटी डबी ठेवली आणि म्हणाली, "आई, तुझं एक काम आहे." मला वाटलं, कानातल्याची फिरकी अडकली असेल. घरातली बारीक दुरुस्ती माझ्याकडेच येते. डबी उघडली तर आत फोममध्ये खोचलेली तीन पोलादी टोकं. प्रत्येकाला तीन पाती, पुढे एकत्र येऊन अणकुचीदार झालेली, मागे स्क्रूचे आटे.

"ब्रॉडहेड्स. बाणाच्या पुढे लावतात," ती म्हणाली. "यांना धार लावायचीय."

"कसल्या बाणाच्या?" तिच्या बाबांनी पोह्यांच्या बशीतून मान वर केली.

"हंटिंगच्या, बाबा. पुढच्या वीकेंडला मी डिअर हंटिंगला जातेय."

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, मुलगी खुद्द शिकागोत. जावई विस्कॉन्सिनच्या एका शेतावर वाढलेला अमेरिकन मुलगा, शांत आणि कामसू. त्याच्या घरात आजोबांपासून सगळे धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात, त्याची आईसुद्धा. हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मुलगी वर्षभर त्याच्याबरोबर बाण मारायच्या सरावाला जाते, हेही ठाऊक होतं. आम्ही समजत होतो, खांद्यांना व्यायाम होतो, बरं आहे. तिने कोर्स केला, लायसन्स काढलं, हे त्या शनिवारी सकाळी कळलं. आणि हीच मुलगी कॉलेजात असताना पक्की व्हीगन होती. तिच्यापायी मी या घरात ओट्सच्या दुधाचा चहा प्यायलेली आहे.

"अगं, पंचशील घेतो ना आपण?" बाबा म्हणाले. "पहिलं शील काय आहे?"

"पाणातिपाता वेरमणी," तिने लहानपणी विहारात शिकलेल्या चालीतच जीव न घेण्याचं शील म्हणून दाखवलं. "आय नो, बाबा. आणि संडेला मटण कोण आणतं?"

"ते मेलेलंच असतं. आपल्यासाठी म्हणून कोणी मारत नाही."

"ओके. म्हणजे पाप त्याला, रस्सा आपल्याला."

मला हसू आलं, ते मी चहाच्या कपात लपवलं. तर ती माझ्याकडे वळली. "आणि आई, सप्टेंबरमध्ये तूच म्हणत होतीस, ही हरणं मेली तर बरं होईल."

म्हणत होते. परसातल्या वाफ्यातली मेथी आणि वांग्याची रोपं त्यांनी बुडख्यापर्यंत खाल्ली होती. पण वांग्यांपायी शिव्या देणं वेगळं.

"पण काहून?" बाबांचं नागपूर अशा वेळी वर येतं. "मांस पाहिजे तर दुकानात मिळते. तुला कशाला मारायचंय?"

"मला मारायचं नाहीये. म्हणजे, आहे." ती जरा अडखळली. "मी खाते, तर मला ते स्वतः करता आलं पाहिजे. नाही आलं तर परत व्हीगन व्हायचं. हे मधलं मला जमत नाही."

मला हे तेव्हा कळलं नाही, आणि अजूनही नीट कळलेलं नाही. आम्ही सगळे मध्येच राहतो. मध्ये राहायला काय हरकत आहे?

मग ती डबीकडे बघत म्हणाली, "मागच्या वर्षी त्याच्या आईने बाण मारला. पातं बोथट होतं, तिला वाटलं चालेल. हरीण बाण घेऊन पळालं. आम्ही सगळे रक्ताचे थेंब बघत शोधत होतो. सापडलंच नाही. मी पण होते तिथे. आई, माझ्या हातून तसं झालं तर मला नाही सहन होणार. म्हणून तुझ्याकडे आणलीत."

माझ्याकडे का, ते सांगते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढायचे, म्हणजे डॉक्टरांना ते सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. आता पाती वापरून फेकायची असतात. मी नागपूरला शिकले तेव्हा एकच जड पोलादी सुरी असायची आणि तिला धार आपणच लावायची. सुरीला खाच असली की कापावर तिथे चीर पडते. बोथट असली की काप चुरगळतो, फाटतो, आणि मग रोग्याचं काय ते कोणालाच सांगता येत नाही. तिथे हाताला जी सवय लागली ती सुटली नाही. आमच्या सगळ्या ओळखीच्यांच्या सुऱ्या माझ्याकडे येतात.

तरीही मी म्हटलं, "मी नाही लावणार."

"का?"

का, ते मला सांगता येईना. रविवारी सकाळी पहिलं शील घ्यायचं आणि दुपारी कोंबडी शिजवायची, यात मला कधी काही अडलं नव्हतं. इथे अडलं. शेवटी मी एक तोड काढली. "मी हात लावणार नाही. तू लाव. कशी लावायची ते मी सांगते."

"दॅट मेक्स नो सेन्स, आई."

"नसू दे. धारेचा दगड पाण्यात टाक."

पोह्यांच्या बशा उचलून आम्ही टेबल मोकळं केलं. तिने बाणाचा वीतभर तुकडा आणला होता, त्यावर टोक फिरवून बसवलं, मूठ तयार झाली. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

"मार्कर घे. पात्यांच्या कडेला काळी शाई लाव. घासल्यावर शाई जिथे उरेल तिथे दगड टेकलेला नाही."

तीन पात्यांच्या टोकाची एक सोय असते. ते दगडावर आडवं ठेवलं की दोन पाती एकदम टेकतात. कोन आपल्याला धरावा लागत नाही, तो घडणीतच असतो. पुढे ढकलायचं, उचलायचं, परत पुढे. मग फिरवून पुढची जोडी.

"दाबू नको. जोर लावलास की कड वळते."

"तू एकदा करून दाखव ना."

"हात लावणार नाही म्हटलं ना."

"यू आर लिटरली टेलिंग मी एव्हरीथिंग!"

"सांगणं वेगळं, करणं वेगळं."

"वकील व्हायचं होतंस," ती म्हणाली. बाबा सोफ्यावरून म्हणाले, "हे मात्र खरं आहे."

बोटाचं पेर कडेवरून आडवं फिरवायला सांगितलं. धातूची बारीक खरखरीत झालर एका बाजूला वळलेली लागली की समजायचं, कडेपर्यंत पोचलो. मग हलक्या हाताने ती झालर काढायची आणि शेवटी कातडी पट्ट्यावर उलटं ओढायचं. यांचा जुना पट्टा मी एका फळीला चिकटवून ठेवलाय. मुलीच्या हाताला वळण आहे. दुसऱ्या टोकापर्यंत मला सांगावं लागेनासं झालं. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर डब्यावर ताणून बसवलं आणि तिने पातं नुसतं टेकवलं. रबर टप्पकन तुटून चहाच्या भांड्यात पडलं. ती लहान मुलीसारखी हसली. मलाही बरं वाटलं, आणि बरं का वाटलं म्हणून लगेच बरं वाटेनासंही झालं.

ती ट्रेनने आली होती. धारदार पाती पिशवीत घेऊन गर्दीत बसायला नको, म्हणून डबी आमच्याकडेच ठेवली. शुक्रवारी चार वाजता दोघं गाडीने येणार आणि इथूनच विस्कॉन्सिनला जाणार.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वंदनेनंतर मी विहारातल्या एका काकांना गाठलं. नोकरीतून निवृत्त झालेले, धम्मावर प्रवचन देतात, उत्तरं सरळ देतात. विचारलं, "काका, मारणारा एक आणि हत्याराला धार लावणारा दुसरा, तर धार लावणाऱ्याला दोष लागतो का?"

"चेतना बघायची. मनात काय आहे ते."

"मनात काय आहे तेच कळत नाहीये."

"मग आधी ते बघा," काका म्हणाले. "आणि पुढच्या कार्यक्रमाला तुमच्या घरच्या सुऱ्या आणा बरं. इथल्या सुऱ्यांनी कांदा कापला जात नाही, चेंगरतो."

आठवडा नेहमीसारखा गेला. शुक्रवारी मी लॅबमधून दुपारी दोनला घरी आले. हे घरूनच काम करत होते. चहा टाकला, आणि सहज म्हणून डबी उघडली. मुलीचं काम परत बघावंसं वाटलं. एक टोक काढून नव्या ताणलेल्या रबरावर टेकवलं. रबर नुसतं दबलं. जरा ओढलं. रबर बाजूला सरकलं.

मी गोंधळले. शनिवारी याच टोकाने रबर तोडलेलं मी बघितलं होतं. मला वाटलं, झालर नीट निघाली नसेल, पट्ट्यावर मोडून पडली असेल. मी चुकीचं शिकवलं असेल. दुसरं टोक घेतलं, तेही तसंच. तिसरंही. खिडकीपाशी नेऊन भिंगातून बघितलं. धार असलेली कड दिसत नाही, धार गेलेली कड चकाकते. इथे सगळ्याच कडा चकाकत होत्या आणि त्यांच्यावर आडवे ओरखडे होते. असं ठेवल्या ठेवल्या होत नाही. कोणीतरी घासलं होतं.

घरात आम्ही दोघंच. गॅरेजचं दार उघडून बघितलं, तर सिमेंटच्या पायरीवर ताज्या करड्या रेघा होत्या.

मी जाऊन यांच्या कानावरचा हेडफोन काढला. "मीटिंगमध्ये आहे," ते म्हणाले.

"म्यूट करा."

डबी बघून त्यांनी लॅपटॉपच बंद केला. मग म्हणाले, "हे बघ, मी विचार करून केलंय. बोथट असलं की लागेल, पण आत जाणार नाही. हरीण घाबरून पळून जाईल. पोरीची हौसही होईल आणि तिच्या हातून जीवही जाणार नाही. यात कोणाचं नुकसान आहे?"

इतक्या प्रेमाने सांगत होते की मला आधी बसावं लागलं.

"बोथट पातं आत जात नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जाईल कसं?"

"त्या धनुष्याचा जोर केवढा असतो! आत जातंच. कापत नाही, फाडतं. फाडलं की जनावर पटकन मरत नाही, पळतं आणि कुठेतरी झाडीत पडून राहतं. मागच्या वर्षी काय झालं ते तिने तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही पोहे खात होतात."

"मला वाटलं, तेव्हा नेम चुकला असेल."

"ती बोथट म्हणाली होती. हाच शब्द."

तीन टोकं टेबलावर होती, त्यातलं एक त्यांनी उचललं आणि अंगठा फिरवून बघितला. "म्हणजे मी तर..." एवढंच म्हणाले.

"नवीन आणू का? दुकान इथंच आहे," मग म्हणाले.

"वजन वेगळं असलं की बाण वेगळा जातो. वर्षभर तिने याच वजनावर हात बसवलाय."

"मग खरं सांगून टाकू तिला?"

"सांगा."

पण ते जागचे हलले नाहीत, आणि खरं तर त्यांनी सांगावं असं मलाही वाटत नव्हतं. बापाने गुपचूप आपली पाती घासून टाकली हे तिला कळलं असतं, तर तिने पुन्हा या घरात काही विश्वासाने ठेवलं नसतं. तसंच गप्प राहून डबी देणं हाही एक मार्ग होता. त्यात मी कशालाही हात लावला नसता. पहिलं शील अगदी कोरं राहिलं असतं, आणि विस्कॉन्सिनच्या झाडीत एक हरीण पोट फाटून पडलं असतं. की तिने बाण मारलाच नसता? की नेम चुकला असता? मला काही कळेना. घड्याळ मात्र दिसत होतं.

मी दगड पाण्यात टाकला. आधी खरखरीत बाजू.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"पाणी घाला. दगड कोरडा पडू देऊ नका."

ते वाटीने पाणी घालत राहिले. मी घासत राहिले. मार्कर, दगड, बोटाचं पेर, परत दगड, मग बारीक बाजू. एका पात्याला टोकाकडे जुनी खाच होती, तिच्यासाठी सगळी कडच मागे आणावी लागली. या सगळ्या वेळात माझ्या मनात हरीण नव्हतं, शील नव्हतं, मुलगीही नव्हती. फक्त कड होती. काकांनी मनात काय आहे ते बघा म्हटलं होतं. बघितलं तर तिथे एवढंच होतं. हे चांगलं की वाईट, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

शेवटचं टोक पट्ट्यावर ओढत होते तेव्हा गाडीचं दार वाजलं. यांनी दगड सिंकखालच्या कपाटात ढकलला, टेबल आपल्या शर्टाच्या बाहीने पुसलं. मी डबी मिटली.

मुलगी आत आली ती सरळ डबीकडे. जावई मागून "हाय आई, हाय बाबा" करत आला. तिने एक टोक बाणाच्या तुकड्यावर बसवलं, रबर ताणलं, टेकवलं. रबर तुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"वॉव," ती म्हणाली. "हे मी केलं?"

"हो," मी म्हटलं.

पहिल्या शीलाचं काय झालं याबद्दल माझ्या मनात घोळ आहे. चौथं, खोटं न बोलण्याचं, ते मात्र मी तेव्हा पूर्ण शुद्धीत मोडलं.

शनिवारी हे सकाळपासून फोनभोवती फिरत होते. दुपारी फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"आई," ती म्हणाली. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"बोल."

"झालं. नर होता. त्याने दोन-चार पावलं टाकली आणि थांबला. मान वर केली, एक कान हलवला. मग बसल्यासारखा खाली झाला. बस. त्याला कळलंच नाही, आई."

"तू रडतेस का?"

"हो. नाही. आय डोन्ट नो. जवळ गेले तर इतका गरम होता."

हे खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. सुटल्यासारखे बसले होते की हरल्यासारखे, ते मला ओळखता आलं नाही, आणि यांच्याबरोबर माझा जन्म गेलाय.

"आई, ते तू केलं होतंस ना?" फोनमधून ती म्हणाली.

"काय?"

"धार. एका ब्लेडला टोकाशी खाच होती. मला कंटाळा आला म्हणून मी ती तशीच ठेवली होती, तुला सांगितलं नव्हतं. काल ती नव्हती."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही दोघं जेवलात का?"

ती रडता रडताच हसली. "नो, आई. अजून नाही जेवलो."

"मग आधी खाऊन घ्या काहीतरी."

रविवारी आम्ही दोघं नेहमीच्या जागी बसलो. पहिलं शील आलं तेव्हा यांचा आवाज बसलेला वाटला. माझा नेहमीसारखाच निघाला, याचं मला नवल वाटलं. परत येताना गाडीत म्हणाले, "मला हिंसा टाळायची होती, आणि जवळजवळ घडवली मी. तुला टाळता आली नाही, आणि तुझ्यामुळे कमी झाली. मग दोष कोणाचा धरायचा?"

"सिग्नल हिरवा झालाय," मी म्हटलं.

डिसेंबरात बर्फ पडल्यावर दोघं कागदात गुंडाळलेलं मांस घेऊन आले. आठवडाभर ते आमच्या फ्रीझरमध्ये होतं. मी रोज त्याच्या बाजूची कोंबडी काढत होते आणि फ्रीझर बंद करत होते. दोघं राहायला आली त्या शनिवारी मात्र मी ते शिजवलं. लाल, चरबी अजिबात नसलेलं मांस. सुरी त्यातून अगदी सहज गेली. सुकं खोबरं आणि खसखस भाजून, आपल्याकडचा झणझणीत रस्सा केला. जावयाच्या कपाळावर घाम आला, तरी तो "गुड, गुड" करत राहिला. यांनी आधी फक्त रस्सा घेतला, भाताबरोबर. मग एक तुकडा घेतला. मग काही न बोलता वाटी पुढे केली. मी वाढलं. चव चांगली होती. दुकानातल्या मटणापेक्षा चांगली होती, आणि हे मला त्या दिवशी मोठ्याने म्हणता आलं नाही.

"मग? व्हीगन होणार की नाही परत?" यांनी मुलीला विचारलं.

"माहीत नाही, बाबा. मला वाटलं होतं, केल्यावर कळेल."

"नाही कळलं?"

"नाही."

"आम्हालाही नाही," हे म्हणाले, आणि भात मागितला.

निघताना तिने कोटाच्या खिशातून पत्र्याची डबी काढून ओट्यावर ठेवली. "घाई नाही. पुढच्या सीझनसाठी. एका टोकाची धार गेलीये." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि या वेळी बाबांना विचारून ठेव, कुठे ठेवायची ते."

म्हणजे तिला तेही कळलं होतं. कसं, ते मी विचारलं नाही. हे बूट घालत होते, त्यांनी नाडी पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

डबी मी सिंकखालच्या कपाटात धारेच्या दगडाशेजारी ठेवली, म्हणजे लागेल तेव्हा शोधत बसायला नको. लागेल का, ते मला विचारू नका.